रुमाल पहिला : मोडी वाचनाची कामवही

१६ जून २०२४, रविवार

गावच्या घराचं छप्पर उतरवायला घेतलं (वाई तालुका, पाऊस तोंडावर आला की छप्पर आठवायचं ही आमच्या घराण्याची जुनी रीत) आणि माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली आली. आत लाल कापडात बांधलेला गठ्ठा. मोडीच्या वर्गातले सर म्हणतात, याला रुमाल म्हणायचं. पुण्याच्या पेशवे दप्तरातही गठ्ठ्याला रुमालच म्हणतात. मोजले. २१२ सुटे कागद. बहुतेक मोडीत (मराठीची जुनी धावती लिपी), थोडे बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, तीन छापील. कुणीतरी मध्येमध्ये वेखंडाच्या कांड्या घातल्या होत्या. कसर लागायची ती लागलीच.

दादाला, म्हणजे माझ्या चुलतभावाला, त्यातून एकच हवंय. ओढ्याकाठचा मळा आपल्याला इनाम मिळालेला, असं आजोबा सांगायचे. त्याची सनद, म्हणजे इनामाचा सरकारी लेख. "निघाली की लगेच फोन कर."

मी शब्द देऊन बसले: दिवाळीपर्यंत सगळे वाचून देते. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, म्हणजे १३८ दिवस, दिवसाला दीड कागद. मे महिन्यात दहा दिवसांचा वर्ग झालाय, बाराखडी येते. ऑफिसात हिशेब तपासण्याचं काम करते, दिवसाला शंभर पावत्या नजरेखालून जातात. दीड कागद म्हणजे काय मोठंसं.

७ जुलै, रविवार

व्हायला हवे होते ३२. झाले ३. तेही बाळबोधीतले.

एक्सेलमध्ये तक्ता केलाय: कागद क्रमांक, तारीख, विषय, "मळ्याचा उल्लेख (हो/नाही)". शेवटचा रकाना पांढराफटक.

अडचण कुठे आहे ते लिहून ठेवते. वर्गात आम्ही गिरवलेली अक्षरं सुबक होती. फोनवरचा मोडी फाँट तर त्याहून सुबक. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, त्यामुळे टाइप करता येतं, आणि टाइप करता येतं म्हणून आपल्याला वाचताही येतं असा माझा समज झाला होता. खरा लेखनिक फाँटसारखं लिहीत नाही. तो आधी या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढतो आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जातो, हात न उचलता. शब्द कुठे संपला हे सांगायची त्याला गरज वाटत नाही. ना मोकळी जागा, ना दंड. ऱ्हस्वदीर्घ नाहीच, एकच वेलांटी आणि एकच उकार. आणि र! शेजारी कोण बसलंय ते पाहून हा इसम रूप बदलतो.

उद्यापासून रात्री दोन तास बसायचं.

२१ जुलै, रविवार, गुरुपौर्णिमा

मिळालं! सनद नव्हे, पण काहीतरी. कागद क्र. १७. पूर्ण वाचला नाही. सगळे कागद भराभर चाळत "मळा", "इनाम", "शेत" एवढंच शोधतेय, नाहीतर वेळेत व्हायचं नाही. मधल्या ओळीत कसरीनं खाल्लेलं एक भोक आणि त्याच्यापुढे स्वच्छ: दोन शेतीस घेतले. भोकात मावेल एवढा शब्द "बैल". बैल दोन शेतीस घेतले.

दादाला फोन केला. तासाभरात घरच्या ग्रुपवर मजकूर फिरला: आपल्या खापरपणजोबांनी शेतीसाठी बैलजोडी घेतली, त्याचा पुरावा सापडला. आत्यानं बैलांचं चित्र टाकलं. कुणी विचारलं, बैलांची नावं दिलीत का?

सरांना गुरुपौर्णिमेचा नमस्कार करायला फोन केला तेव्हा हेही सांगितलं. म्हणाले, "छान. रविवारी कागद घेऊन या."

२८ जुलै, रविवार

सरांनी कागद खिडकीशी तिरका धरला, भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "अर्थ लावू नका. दिसतं तेवढंच म्हणा. एकेक अक्षर."

दो. न. शे. ती. स. घे. त. ले.

"आता कुठे तोडता?"

मी गप्प. दोनशे तीस घेतले. कागदात जागा सोडलेलीच नाही, त्यामुळे "दोन शेतीस" आणि "दोनशे तीस" दोन्ही तिथेच बसलेले. मला शेत हवं होतं, मला शेत दिसलं. भोकात "बैल" मी घातले. तिथे "रुपये" असणार. सरांनी कागद उलटा केला. पाठीवर घडीच्या रेघेत, मी उघडूनही न पाहिलेल्या जागी, आकड्यात: २३०.

ते कर्जखत आहे. बैल नाहीत, सावकार आहे.

परत येताना बसमध्ये "ध चा मा" आठवत होता. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यामागे "धरावे" चं "मारावे" केलेली चिठ्ठी होती, ही गोष्ट आपण सगळे शाळेत ऐकतो. तीत आनंदीबाई मुद्दाम अक्षर बदलते. माझं अक्षर जागच्या जागी होतं. मी फक्त दिवाळीच्या घाईत होते.

दादाला अजून सांगितलेलं नाही.

४ ऑगस्ट, रविवार

तक्ता पुसला. "मळ्याचा उल्लेख" हा रकाना आधी. तो रकानाच मला चकवत होता. दर ओळीला मी कागदाला विचारायची, "मळा आहे का तुझ्यात?", आणि बिचारा कधीतरी हो म्हणायचाच. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. त्या वाचकांवर काय दडपण असेल ते आता थोडं कळतंय. समोर बसलेल्या माणसाला काय हवंय हे ठाऊक असताना जे आहे तेच वाचायचं.

नवीन पद्धत, सरांशी बोलून ठरवलेली:

रोज सकाळी २५ मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत. एकच कागद धरायचा, संपेपर्यंत तोच. वाचण्याआधी ओळ बोरूनं गिरवायची, समोर ठेवून हुबेहूब, अर्थ न कळता. मग देवनागरीत उतरवायची, मूळ कागदासारखीच सलग. शब्द त्या दिवशी तोडायचे नाहीत. तोडणं दुसऱ्या दिवशी. शंका असेल तिथे कंस, गेलेल्या अक्षराला टिंबं, आणि टिंबाच्या जागी अंदाज लिहायचा नाही. शिवाय या लेखनिकाचा अक्षरतक्ता: त्यानं काढलेला प्रत्येक क, प्रत्येक र जसाच्या तसा एका पानावर. सर म्हणतात, "मोडी शिकून होत नाही हो. एकेका माणसाचा हात शिकायचा."

वहीच्या पहिल्या पानावर उद्देश लिहायचा होता. ऑफिसच्या भिंतीवर टांगलेल्या सुविचारांचा मला वैताग आहे, म्हणून साधंच लिहिलं: या माणसानं काय लिहिलंय ते कळून घ्यायला बसले आहे.

रोजच्या नोंदीचे रकाने तीन: बसले का, काय अडलं, काल चुकलेलं काय सापडलं. किती झालं याला रकाना नाही.

११ ऑगस्ट, रविवार

बोरू तासायला शिकले. टोकाला तिरका छाट आणि मध्ये बारीक चीर. पहिले तीन बोरू वाया. चौथ्यानं शाई धरली.

हातानं गिरवायला लागल्यावर डोळ्यांना न दिसलेलं दिसतं. हा लेखनिक "त" नंतर दम घेतो, तिथे शाई किंचित गडद आहे. ओळीच्या शेवटी जागा कमी पडली की अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढवतो, आमच्या एसटीसारखी. भिंगातून दोन ठिकाणी अक्षरात वाळूचे कण चमकले. शाई सुकवायला टाकलेली वाळू अजून चिकटून आहे.

चार दिवसांत ओळी दोन.

१९ ऑगस्ट, सोमवार, राखीपौर्णिमा

दादा पुण्याला आला. राखी बांधून झाल्यावर पहिला प्रश्न, "किती झालं?"

आधी बैलांचं सांगून टाकलं. तो खळखळून हसला, मग एकदम गप्प झाला. "म्हणजे आपण कर्जबाजारी?" मी म्हटलं, एक कागद म्हणजे सगळं घराणं नव्हे. मग नव्या पद्धतीबद्दल बोलले, तर म्हणाला, "हे बघ, हे तर सरकारी उत्तर झालं. काम चालू आहे, कधी होईल सांगता येत नाही."

त्याचं चूक नाही. मी स्वतः हेच उत्तर खालच्या माणसांकडून ऐकून घेत नाही. "निकालाकडे बघू नका, कामाकडे बघा" हे आळशी माणसालाही उत्तम शोभतं आणि बाहेरून दोघांत फरक दिसत नाही. गीतेतलं वचन त्यानं काढलं नाही, हे माझं नशीब. शेवटी त्याच्यापुढे वही टाकली. सलग ओळी, कंस, टिंबं, दुसऱ्या दिवशीच्या दुरुस्त्या लाल शाईत. पानं उलटून म्हणाला, "रोज बसतेस मात्र."

जेवून गेला. सनदेचं पुन्हा विचारलंच, दारातून.

२२ ऑगस्ट

बसले. "ऐसे जे" सुटलं. लिहून दिल्हे ऐसे जे.

२३ ऑगस्ट

बसले. कालचं बरोबर.

२४ ऑगस्ट

बसले. काही नाही. एक अक्षर सात वेळा गिरवलं, सातही वेळा वेगळं आलं.

१५ सप्टेंबर, रविवार

गणपती ७ तारखेला आले, त्याआधी आवराआवर, नंतर लेकीचा ताप. बारा दिवस बसले नाही.

यात एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. ऑगस्टात सलग बसल्याच्या दिवसांना मी बरोबरच्या खुणा करत होते. २६ दिवस झाले तेव्हा मला खुणांचाच लळा लागला होता. एके रात्री अकराला, डोळे मिटत असताना, केवळ खूण करता यावी म्हणून दहा मिनिटं बसले आणि त्या दिवशीची ओळ नंतर पूर्ण पुसावी लागली. म्हणजे कागदांचा आकडा काढला तर दिवसांचा आकडा येऊन त्याच पाटावर बसला. लबाड आहे मन. खुणा बंद. बसले तर त्या दिवशीचं काम वहीत दिसेलच.

२९ सप्टेंबर, रविवार

आज मजा आली.

कर्जखताच्या डोक्यावर शक आहे, पण शेवटचा आकडा कसरीनं खाल्लेला: शके १७६ आणि पुढे भोक. जुलैमधल्या मला तिथे काय घालायचं ते लगेच सुचलं असतं. आता टिंब. गेला आठवडाभर टिंबच होतं. आज पुढचा सलग तुकडा तोडायची पाळी होती: प्लवनामसंवत्सरे. प्लव नाम संवत्सरे!

साठ संवत्सरांची नावं फिरत राहतात. शकात १२ मिळवायचे, ६० नं भागायचं आणि बाकी उरेल त्या क्रमांकाचं नाव. प्लव ३५ वा. १७६० ते १७६९ मध्ये ३५ बाकी एकाच शकाला येते: १७६३ अधिक १२ म्हणजे १७७५, त्यातून १७४० गेले, उरले ३५. शके १७६३, म्हणजे इसवी सन १८४१. पडताळा पंचांगात: शके १९४३, म्हणजे २०२१ चा पाडवा, तोही प्लवच होता. मध्ये १८० वर्षं, बरोबर तीन फेरे.

लिहिणाऱ्यानं एकच गोष्ट दोनदा सांगून ठेवली होती. कागदाला भोकं पडणार हे त्यांना माहीत असावं.

१८४१ म्हणजे वाईवर अजून सातारच्या छत्रपतींचा अंमल. प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला धाडलं होतं, गादीवर त्यांचे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब. आणि आमचे पूर्वज २३० रुपये शोधत हिंडत होते.

१३ ऑक्टोबर, रविवार

दहा दिवसांपूर्वी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला. ऑफिसात पेढे वाटले. मी त्या दिवशी "थळ" नंतरच्या तीन अक्षरांवर अडून होते आणि अजून तिथेच आहे. थळ म्हणजे जमिनीचा नाव असलेला तुकडा, तो गहाण ठेवलाय. इथे "मळ्याचे" असेल अशी धडधड झाली. गिरवलं. "म" नाही. या लेखनिकाचा "म" माझ्या तक्त्यात आता एकवीस ठिकाणचा आहे, त्यातल्या एकाशीही जुळत नाही. जुलैत माझ्याकडे असा तक्ता नव्हता, तेव्हा मी हा "म" खुशाल करून टाकला असता.

बो किंवा बा, रा, टी किंवा ढी. कंसात ठेवलं.

खाली सही नाही. "निशाणी नांगर" असं लेखनिकाच्या हातचं, आणि शेजारी वेगळ्या, थरथरत्या हातानं काढलेला नांगर. चार रेघा. एक लांब तिरकी, तिला खाली छोटा फाळ, वर मूठ, आणि एक रेघ चुकून जास्तीची, किंवा रुमणं असेल. लिहिता न येणारा शेतकरी अशी खूण करायचा. आमचे पूर्वज पेशवाईत कारकून होते असंही आजोबा सांगायचे.

मी नांगर बोरूनं गिरवला नाही. का कोण जाणे, नकोसं वाटलं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार, लक्ष्मीपूजन

ठरलेला दिवस. २१२ पैकी पूर्ण ४. आणि क्र. १७, पाऊण.

गावी आलोय. फराळानंतर मीच वही काढली. सगळ्यांपुढे "थळ" ची ओळ ठेवली आणि म्हटलं, ही तीन अक्षरं मला येत नाहीत, बो-रा-टी असं काहीतरी दिसतंय, पण तसा शब्द नाही.

दादा चकली मोडता मोडता थांबला. "बोराटी. नाही कसा? ओढ्याच्या वरच्या अंगाला, खडकाळ तुकडा. आता कुणी म्हणत नाही, आजी म्हणायची. बोराटीत शेरडं नेली का?"

आत्या म्हणाली, हो, बोराटीच.

मे महिन्यातल्या वर्गानं हे मला शिकवलं नसतं. आणि "मळा" लिहून मोकळी झाले असते तर दादाला विचारायचा प्रश्नच आला नसता. मळ्याचा या कागदाशी काही संबंध नाही. दादाचा चेहरा पडला का, तर नाही. त्याला बोराटी स्वतः सापडली होती. संध्याकाळी मला तिथे घेऊन गेला. कुसळं आणि दगड. "यावर दोनशे तीस दिले? सावकार येडा होता," म्हणाला.

१७ नोव्हेंबर, रविवार

कागदाची पाठ. इथे वेगळे हात, वेगळ्या शाया, लहान लहान नोंदी. पैकी वसूल १२॥. पैकी वसूल २०. पैकी वसूल ७।. (दोन दंड म्हणजे आठ आणे, एक म्हणजे चार आणे.) अशा १९ नोंदी. पहिली शके १७६४ ची, शेवटची १७७५ ची. व्याज दरमहा शेकडा एक रुपया. मध्ये एक ओळ नुसती "गूळ मण" अशी, पुढचं गेलेलं. पैशाऐवजी गूळ दिला असावा, पण ते कंसातच राहील.

या अकरा वर्षांत, १८४८ ला, सातारचं राज्य खालसा झालं. वसुलीच्या नोंदींत त्याचा मागमूस नाही. त्याच्या आधी एक हप्ता, नंतर एक हप्ता.

शेवटची ओळ सरांपुढे वाचली, न तोडता: भरूनपावलो. मग तोडली. भरून पावलो. नातवाला मांडीवर घेतल्यावर आत्या जे म्हणते तेच, पण इथे पावतीची भाषा: रक्कम पुरी मिळाली. सरांनी कागद सुलटा केला आणि डोक्याकडच्या फाटक्या कडेवर बोट ठेवलं. ती मी पहिल्याच दिवशी "उंदीर" म्हणून नोंदवली होती.

"उंदीर असा सरळ फाडतो का? कर्ज फिटलं की सावकार खत फाडून परत द्यायचा. म्हणून तर ते तुमच्या घरात आहे."

जूनमधली नोंद शोधून "उंदीर" वर लाल रेघ मारली. दादाला फोन केला. बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "ग्रुपवर तू टाकतेस की मी टाकू?"

२४ नोव्हेंबर, रविवार

क्र. १८ घेतला. हात नवा, बारीक आणि घाईचा. अक्षरतक्ता कोऱ्या पानावर पुन्हा पहिल्यापासून.

२५ मिनिटं. ओळ पहिली. "मौजे" सुटलं. त्याच्यापुढचं अक्षर सुटलं नाही. कंस.